बारा वर्षांखालच्या बॅचला कोच हवा होता : एका बास्केटबॉल क्लबचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका मध्यम आकाराच्या बास्केटबॉल क्लबचं आहे. कुणाची ओळख पटू नये म्हणून नावं आणि काही तपशील वगळले आहेत. घटनांचा क्रम मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे. मी त्या काळात क्लबच्या समितीत होतो आणि कोच नेमण्याचं, त्यांच्याकडे लक्ष देण्याचं काम माझ्याकडे होतं.

क्लबमध्ये वयानुसार चार बॅच होत्या : दहा, बारा, चौदा आणि सोळा वर्षांखालच्या. सोळाची बॅच ज्यांच्याकडे होती ते क्लबचे सर्वांत जुने कोच. त्यांना मी इथे मोठे सर म्हणेन. चौदाची बॅचही स्थिर होती. सगळी ओढाताण बाराच्या बॅचमध्ये चालली होती. या बॅचमध्ये मुलं सर्वांत जास्त, पालकांचं येणं-जाणं सर्वांत जास्त, आणि पहिल्यांदा लीगच्या मॅच खेळायच्या त्याही इथेच.

या वयाचं महत्त्व खेळाच्या नियमांतही दिसतं. मिनी बास्केटबॉलमध्ये रिंग २.६० मीटरवर असते, मोठ्यांसारखी ३.०५ वर नाही, आणि बॉलही पाच नंबरचा, म्हणजे लहान आणि हलका. मुलाला खांद्यातून बॉल ढकलावा न लागता नीट हात वर करून शॉट मारता यावा, हा त्यामागचा हेतू. या दोन-तीन वर्षांत हाताला जे वळण लागतं ते पुढे मोडणं फार अवघड जातं. तरीही बहुतेक क्लबांत अनुभवी कोच वरच्या बॅचला आणि जो मिळेल तो खालच्या बॅचला, अशी वाटणी असते. आमच्याकडेही तीच होती.

काय बिघडलं होतं

हंगामाच्या मध्यावर बाराच्या बॅचचे कोच सोडून गेले. त्यांच्या आधीचे कोचही त्याच वर्षात गेले होते. समितीत पहिली प्रतिक्रिया आली ती अशी : आपली निवड चुकते आहे, या वेळी नाव असलेला माणूस आणूया.

आठवडाभरात कुणालातरी उभं करण्याचा दबाव होता. पालकांच्या ग्रुपवर रोज विचारणा व्हायची. पण नेमणूक करण्याआधी, सोडून गेलेल्या दोघांशीही मोठ्या सरांनी आणि मी निवांत बसून बोलायचं ठरवलं. या प्रकरणाला वळण इथे मिळालं. आधीच्या कोचना नोकरीमुळे वेळ जमत नव्हता, त्यात क्लबला फारसं काही करण्यासारखं नव्हतं. नुकत्याच सोडून गेलेल्या कोचचं म्हणणं मात्र थेट होतं. ते म्हणाले, “सर, मी होतो तेवढ्या काळात एकदाही कुणी माझं सेशन बघायला आलं नाही. क्लबकडून फोन आले ते फक्त तक्रारीचे.”

त्यांनी आणखी एक प्रसंग सांगितला. एका मॅचनंतर एक वडील थेट कोर्टवर येऊन मुलांसमोर त्यांना जाब विचारत होते : माझ्या मुलाला शेवटच्या क्वार्टरमध्ये बाहेर का बसवलं? समितीचे दोन सदस्य तिथेच उभे होते. कुणी मध्ये पडलं नाही.

त्यानंतर प्रश्न बदलला. कोण आणायचा हे ठरवायचं होतंच, पण आलेला माणूस इथे का टिकत नाही याचं उत्तर क्लबकडेच होतं.

यात एक गोष्ट मनात पक्की बसवावी अशी आहे. स्मिथ आणि स्मोल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी लहान मुलांच्या बेसबॉल लीगमध्ये बराच अभ्यास केला. कोचना एक छोटं प्रशिक्षण दिलं : चूक झाल्यावर काय बोलायचं, प्रयत्नाला दाद कशी द्यायची, शिस्त कशी लावायची. १९९२ मध्ये बार्नेट यांच्यासोबत त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, असं प्रशिक्षण न मिळालेल्या कोचच्या हाताखालची २६ टक्के मुलं पुढच्या हंगामात परतली नाहीत. प्रशिक्षण मिळालेल्यांकडे हे प्रमाण ५ टक्के होतं. संघ जिंकले किती, हरले किती, यावर हा फरक अवलंबून नव्हता. मी हे समितीत मांडलं, कारण तोवरची सगळी चर्चा उमेदवाराच्या खेळातल्या कारकिर्दीभोवती फिरत होती.

समोरचे पर्याय

तातडीची सोय म्हणून मोठे सर आणि चौदाचे कोच यांनी तीन आठवडे बाराची बॅच आळीपाळीने घ्यायची, असं ठरलं. दोघांवर ताण आला, पण घाईत नेमणूक टळली. माझ्या मते या प्रकरणातला हा सर्वांत फायद्याचा निर्णय होता.

या तीन आठवड्यांत चार पर्याय पुढे आले.

एक होते राज्य पातळीवर खेळलेले माजी खेळाडू. शूटिंग बघत राहावं असं. समितीतल्या बहुतेकांचा कल त्यांच्याकडे होता, आणि पालकांना सांगायलाही हे नाव सोपं होतं.

दुसरे, बॅचमधल्याच एका मुलीचे वडील. कॉलेजात खेळलेले, वेळेवर येणारे, मुलांना आवडणारे. अडचण उघड होती : स्वतःची मुलगी संघात असताना कुणाला खेळवायचं हा निर्णय रोज त्यांच्याकडे येणार. ते कितीही प्रामाणिक असले तरी बाकीच्या पालकांच्या मनात शंका राहणारच.

तिसरी, याच क्लबमध्ये लहानाची मोठी झालेली बावीस वर्षांची खेळाडू. दहाच्या बॅचला अधूनमधून मदत करायची. मुलं तिला ताई म्हणत. पूर्ण बॅच स्वतंत्रपणे तिने कधीच घेतली नव्हती.

चौथा पर्याय, बाराची बॅच हंगाम संपेपर्यंत चौदामध्ये मिसळून टाकणं. हा लवकरच बाद झाला. अकरा वर्षांचा मुलगा आणि चौदाच्या उंबरठ्यावरचा मुलगा यांच्या उंचीत, वजनात जो फरक असतो तो बघता, धडक होऊन लहान मुलाला लागण्याची भीती होती. शिवाय मोठा बॉल आणि उंच रिंग यामुळे लहानांचा शॉट बिघडला असता.

चाचणी सेशन

मुलाखतीऐवजी प्रत्येक उमेदवाराने बॅचचं वीस मिनिटांचं सेशन घ्यावं, असं ठरलं. आधी थोडी कुरबुर झाली. एवढ्या मोठ्या खेळाडूची परीक्षा घ्यायची का, हा आक्षेप होता. मोठ्या सरांनी तो एका वाक्यात मिटवला : खेळाडू म्हणून परीक्षा त्यांनी केव्हाच दिली आहे, आता शिकवणं बघायचं आहे.

बघणाऱ्या तिघांना एक साधा कागद दिला. त्यात फक्त मोजायच्या गोष्टी होत्या. कोच किती वेळ बोलतो, किती मुलं नुसती उभी असतात, ठरवून दिलेल्या दोन मुलांच्या हातात बॉल किती वेळा येतो, आणि चूक झाल्यावर कोच काय सांगतो. ‘छाप चांगली पडली’ असं लिहायला जागाच ठेवली नव्हती.

शेवटचा मुद्दा कागदावर आला तो एका जुन्या नोंदीवरून. जॉन वुडन या कोचच्या यूसीएलए या विद्यापीठाच्या संघाने दहा वेळा अमेरिकेतलं कॉलेज बास्केटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. त्यांच्या शेवटच्या, म्हणजे १९७४-७५ च्या हंगामात थार्प आणि गॅलिमोर या दोन संशोधकांनी कोर्टशेजारी बसून सरावात ते काय बोलतात याची दोन हजारांहून जास्त वेळा नोंद केली. नुसती शाबासकी किंवा नुसती नाराजी फार थोडी निघाली. सर्वांत मोठा वाटा होता तो काय करायचं आणि कसं करायचं, हे थोडक्यात सांगण्याचा. आम्हाला उमेदवाराच्या तोंडून तेच ऐकायचं होतं.

माजी खेळाडूंनी ले-अप, म्हणजे रिंगकडे धावत जाऊन जवळून मारायचा शॉट, घेतला. स्वतः दोनदा करून दाखवला तेव्हा मुलं थक्क झाली. मग सगळी मुलं एका रांगेत, एका रिंगवर. समजावणं तपशीलवार आणि अचूक होतं, पण लांबलं. आम्ही ज्या मुलावर नजर ठेवली होती त्याची पाळी चार वेळा आली. बाकीचा वेळ तो रांगेत बुटाच्या टोकाने फरशीवरची रेष घासत उभा होता. डावीकडून ले-अप चुकणाऱ्या मुलीला ते म्हणाले, “लक्ष कुठंय तुझं?” ती पुढच्या वेळी उजवीकडूनच गेली.

वडिलांचं सेशन नीट झालं. मुलं हसली, धावली, कुणी रेंगाळलं नाही. शिकवण्यासारखं त्यात थोडं कमी होतं.

ताईची पहिली पाच मिनिटं गोंधळात गेली. शिट्टी दोनदा वाजवूनही मुलं थांबेनात. मग तिने कोन लावून कोर्टचे तीन भाग केले आणि तीन-तीनचे छोटे सामने लावले. अट एकच : ड्रिबल, म्हणजे बॉलचे टप्पे, जास्तीत जास्त दोन, मग पास. आवाज प्रचंड होता, बॉल सारखे भिंतीकडे जात होते, पण नुसतं उभं कुणीच नव्हतं. आम्ही बघत असलेल्या त्याच मुलाच्या हातात बॉल इतक्या वेळा आला की मोजणाऱ्याने शेवटी मोजणं सोडून दिलं. तो मुलगा पास मिळाला की लगेच परत देऊन मोकळा व्हायचा. ताईने खेळ न थांबवता त्याच्याजवळ जाऊन सांगितलं, “बॉल आला की आधी रिंगकडे बघ, मग ठरव.” दोन मिनिटांनी त्याने पहिला शॉट मारला. तो रिंगला लागून बाहेर गेला, आणि ताईने टाळी वाजवली ती तो रिंगकडे वळला म्हणून.

निर्णय

समितीत बराच वाद झाला. ताईच्या विरोधात दोन मुद्दे होते आणि दोन्ही खरे होते : वय कमी, आणि मोठा गट हाताळण्याचा अनुभव नाही. बाजूने एकच मुद्दा होता : तिला मूल दिसत होतं.

शेवटी नेमणूक जोडीने झाली. ताई मुख्य कोच, ते वडील सहायक. कुणाला खेळवायचं यात सहायकाचा सहभाग नसेल, हे आधीच स्पष्ट केलं. त्यांनीही ते मनापासून मान्य केलं. दोन मोठी माणसं असल्यामुळे आणखी एक गोष्ट साधली. कुठल्याही मुलासोबत एकच मोठी व्यक्ती एकटी राहणार नाही, हा नियम तोवर फक्त बोलण्यात होता, तो प्रत्यक्षात आला. मुलांना खासगी मेसेज करायचे नाहीत, निरोप पालकांच्या ग्रुपवरच द्यायचा, हेही तेव्हाच लेखी झालं. आधी ज्यांनी त्यांच्यासोबत काम केलं होतं त्यांच्याकडे दोघांबद्दल चौकशी केली. क्लबमध्येच वाढलेल्या मुलीची चौकशी कशाला, असं काहींना वाटलं. पण ओळखीच्या माणसाला सूट दिली की त्या नियमाला अर्थ राहत नाही.

माजी खेळाडूंना आम्ही एक हंगाम मोठ्या सरांसोबत सोळाच्या बॅचला येण्याची विनंती केली. त्यांनी त्या वेळी नकार दिला.

पाठीशी उभं राहणं म्हणजे काय

या भागावर सर्वांत जास्त विचार झाला, आणि सर्वांत जास्त चर्चा काय करायचं यावर नव्हे तर काय करायचं नाही यावर झाली.

मोठे सर आठवड्यातून एकदा ताईचं सेशन बघायला यायचे. अटी तीन. सेशन चालू असताना मध्ये बोलायचं नाही. संपल्यावर आधी तिने सांगायचं, काय जमलं आणि पुढच्या वेळी काय बदलणार. त्यानंतर सरांनी एकच मुद्दा सांगायचा. सरांना हा ‘एकच’ फार जड गेला. पहिल्या आठवड्यात त्यांच्या वहीत एक पूर्ण पान भरलं होतं. त्यातून त्यांनी निवडलं ते असं : “मुलं थांबेपर्यंत बोलू नकोस. बॉल खाली ठेवायला लाव, मग बोल.” पुढच्या सेशनपासून शिट्टीचा प्रश्न निम्मा सुटला. बाकीचं पान वहीतच राहिलं, आणि त्यातले बरेच मुद्दे तिचे तिलाच उमगले.

दुसरी गोष्ट पालकांची. क्लबमधले कित्येक पालक ताईला ती शाळेत असल्यापासून ओळखत होते. कोर्टवर मुलांसमोर “अगं, त्याला आत घे ना” असं सहज म्हणायचे. त्यात वाईट हेतू नव्हता, पण मुलांना कोचचा शब्द शेवटचा वाटेनासा होत होता. आम्ही पालकांची बैठक घेतली आणि नियम सांगितले. सेशनच्या वेळी कोर्टवर यायचं नाही. खेळण्याच्या वेळेबद्दल कोचशी मॅचच्या दिवशी बोलायचं नाही, दुसऱ्या दिवशी समितीकडे यायचं. तक्रार आधी माझ्याकडे येणार आणि ताईकडे जाताना माझ्यामार्फत जाणार. हे सगळं समितीने सांगितलं, तिला सांगायला लावलं नाही.

तिसरी गोष्ट खेळण्याच्या वेळेचा नियम. प्रत्येक मुलाला प्रत्येक मॅचमध्ये साधारण सारखा वेळ, आणि झोन डिफेन्स (प्रत्येकाने कोर्टचा ठरावीक भाग सांभाळणं) नाही, प्रत्येकाने समोरच्या संघातला आपला आपला खेळाडू सांभाळायचा. यात आम्ही नवं काही केलं नव्हतं. अमेरिकेत एनबीए ही व्यावसायिक लीग आणि यूएसए बास्केटबॉल ही राष्ट्रीय संघटना यांनी मुलांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यातही लहान वयात झोन टाळायलाच सांगितलं आहे. झोन लावला की लांबून शॉट न येणाऱ्या मुलांविरुद्ध मॅच जिंकता येते, पण आपला माणूस धरून पाय हलवणं शिकायचं राहून जातं. हा नियम क्लबचा म्हणून लिहिला, कोचचा म्हणून नाही. तो फरक पुढे कामी आला.

सेमीफायनल

संघ सेमीफायनलपर्यंत आला. शेवटच्या क्वार्टरमध्ये दोन पॉइंटने मागे होता. खेळाडू बदलण्याच्या यादीप्रमाणे पाळी होती ती बॉल आला की परत देणाऱ्या त्या मुलाची. ताईने बेंचच्या टोकाला बसलेल्या मोठ्या सरांकडे एकदा पाहिलं. सरांनी काहीही खूण केली नाही. तिने मुलाला आत पाठवलं. तो ज्याला सांभाळत होता त्या समोरच्या संघातल्या खेळाडूने दोन बास्केट केल्या आणि आमचा संघ हरला.

रात्रीपर्यंत ग्रुपवर मेसेजचा पाऊस पडला. आम्ही समितीतर्फे एकच उत्तर दिलं : नियम क्लबचा आहे, कोचने तो पाळला, चर्चा बैठकीत होईल. ताईने एकही उत्तर द्यायचं नाही, हे तिला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, “मला त्याला आत पाठवल्याचं वाईट वाटत नाहीये. फक्त त्याला आपण हरवलं असं वाटायला नको.” दुसऱ्या दिवशी ती आणि सहायक कोच त्या मुलाच्या घरी जाऊन त्याच्याशी आणि त्याच्या आई-वडिलांशी बोलून आले.

बैठकीत तीन मतं होती. नियम तसाच ठेवा. बाद फेरीत नियम काढा. किंवा पहिले तीन क्वार्टर सारखी वेळ आणि चौथा कोचच्या निर्णयावर. तिसरं मत मान्य झालं, पण पुढच्या हंगामापासून. चालू हंगामात हरल्यावर लगेच नियम बदलला असता तर ताईचा निर्णय चुकला असाच त्याचा अर्थ निघाला असता. माझं स्वतःचं मत पहिल्या बाजूने होतं आणि अजूनही आहे. अकरा वर्षांच्या मुलाला अटीतटीची मिनिटं खेळायला मिळाली नाहीत तर ती खेळायला तो कधी शिकणार?

काय झालं

चार मुलं हंगामाअखेर क्लब सोडून गेली. त्यांतल्या दोघांच्या पालकांनी कारण सरळ सांगितलं : आम्हाला जिंकणारा संघ हवा. बाकीची बॅच जवळपास तशीच राहिली आणि तो मुलगाही राहिला. ताई दुसऱ्या हंगामातही आहे. सहायक कोच वडिलांनी मुलगी चौदाच्या बॅचमध्ये गेल्यावरही बाराची बॅच सोडली नाही.

माजी खेळाडू काही महिन्यांनी स्वतःहून आले. सोळाच्या मुलांना महिन्यातून काही वेळा शूटिंग शिकवतात. त्या वयाच्या मुलांना त्यांचं बारकाईने सांगणं नेमकं उपयोगी पडतं.

वेगळं काय करता आलं असतं

निवड न झालेल्या उमेदवाराला निर्णय कळवायला उशीर झाला. माजी खेळाडूंना तो पालकांकडून आधी कळला, आणि त्यांच्या पहिल्या नकारात त्याचा वाटा नक्की होता. समितीचा निर्णय झाला त्याच संध्याकाळी प्रत्यक्ष भेटून सांगायला हवं होतं.

खेळण्याच्या वेळेचा नियम पालकांना हंगामाच्या मध्यावर कळला. प्रवेशाच्या वेळीच तो लेखी दिला असता तर ज्यांना तो पटत नव्हता त्यांनी आधीच दुसरा क्लब पाहिला असता, आणि सेमीफायनलनंतरचा राग निम्मा असता. बाद फेरीत काय करायचं हा प्रश्नही तेव्हाच सोडवायला हवा होता. कुठल्याही लीगमध्ये सेमीफायनल येणार हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं.

चाचणी सेशन सर्वांनी त्याच मुलांवर घेतलं, पण वेगवेगळ्या दिवशी. ताईच्या वेळी मुलं ताजी होती. माजी खेळाडूंच्या वेळी शाळेच्या परीक्षा संपून काही तासच झाले होते. निकाल यामुळे बदलला असता असं मला वाटत नाही, पण त्यांच्यावर हा थोडा अन्याय झाला. शिवाय वीस मिनिटांत माणूस पुरता दिसत नाही. दोन सेशन आणि मध्ये एकदा सूचना देऊन बघणं, म्हणजे उमेदवार सांगितलेलं किती घेतो हेही कळलं असतं. लहान मुलांच्या कोचमध्ये मला तरी तोच गुण सर्वांत आधी बघावासा वाटतो.

आणि मोठे सर. स्वतःच्या बॅचशिवाय दर आठवड्याला दुसरं सेशन बघणं, त्यावर बोलणं, मॅचला बेंचवर बसणं हे सगळं त्यांनी कुठल्याही वाढीव मानधनाशिवाय केलं. हंगाम संपता संपता ते थकले होते आणि त्यांनी ते बोलून दाखवलं नाही. कोचच्या पाठीशी कुणीतरी हवं हे आम्ही ठरवलं, पण त्या कुणाच्यातरी वेळेची तरतूद केली नाही. आता हे काम चौदाचे कोच आणि मोठे सर यांच्यात वाटून दिलं आहे आणि त्यासाठी वेगळं मानधन मंजूर झालं आहे. ताईला पुढच्या वर्षी दहाच्या बॅचच्या नव्या कोचचं सेशन बघायला पाठवावं का, यावर अजून एकमत झालेलं नाही. मोठ्या सरांना वाटतं ती तयार आहे. ताईचं म्हणणं आहे की तिला आणखी एक हंगाम फक्त स्वतःची बॅच घेऊ द्यावी.